बैलाला सांगितलेला इलाज

आमच्या घरात सासरा सुनेशी बोलत नसे. जानेफळच्या बाजूला तेव्हा तशीच रीत होती. सासऱ्यांना मला काही सांगायचं असलं की ते अंगणातल्या पांढऱ्या बैलाला सांगायचे. "काऊन बे, आज ताक नाही भेटत वाटते?" असं ते बैलाला विचारायचे आणि मी आतून ताकाचा गडवा उंबऱ्यावर ठेवायची. मला हसू यायचं अन् रागही यायचा. म्हटलं, मी काय बैलापेक्षा परकी आहे?

लग्नाला वर्ष झालं नव्हतं. आषाढात मला ताप आला. तापामागून उजव्या खांद्यात अशी कळ लागली की मी आठ दिवस बसून काढले. कळ गेली, पण हात खांद्याच्या वर जाईना. पाठीवरचं चपटं हाड, आम्ही त्याला फरा म्हणतो, ते मागं उचलून आलं, चोळीवरून दिसायला लागलं. जाऊ म्हणाली, "बाई, तुले त पंख फुटले!" तिनं थट्टाच केली होती, पण मी तिच्याशी दोन दिवस बोलले नाही.

तेव्हा वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेला होता. नागपूर तर सोडाच, मेहकरचा दवाखानाही सुनेसाठी कोणी गाठत नसे. घरचा इलाज एकच होता, हात बांधून ठेवा आणि काम देऊ नका. सासूबाईंनी जुन्या लुगड्याची पट्टी करून हात गळ्यात बांधला, रोज तेल चोळलं. बाई मायाळू होती, खोटं कशाला बोलू? पण जात्यावर बसता येईना, घागर डोक्यावर घेता येईना, अशी सून किती दिवस पोसणार? शेवटी त्याच म्हणाल्या, "संक्रांतीपर्यंत पाहू. नाहीतर माहेरी धाडू, तिथं आराम भेटंल." आरामाला धाडलेली कोणती सून परत आली होती? नवऱ्याला दुसरी करून देण्याची कुजबुज माझ्या कानावर आलीच होती. आणि माझा नवरा तोंडात मूग धरून बसलेला.

मग पोळ्याचा आदला दिवस आला, खांदशेकणीचा. वर्षभर जू ओढलेले बैलांचे खांदे त्या दिवशी हळद-तुपानं मळतात, पळसाच्या पानांनी शेकतात. मी दाराआड उभी होते. सासरे तरुणपणी तालमीतले पैलवान, एक कान चुरगळलेला. त्यांनी बैलाच्या फऱ्यावर तळवा ठेवला आणि एकदम मोठ्यानं बोलायला लागले.

"लोकं म्हन्तात हात गेला. हात कायचा जाते बे! हा फरा पाठीले खिळला नाही. मासानं धरून ठेवला हाय. एक मास कण्याकडून धरते, दुसरं बगलेखालून, बरगड्यांवरून. ते बगलेखालचं निजलं की फरा मोकाट सुटते. खुंटाच हालला त हात कशाच्या जोरावर वर जाईन?"

बैल रवंथ करत होता. मी श्वास रोखून ऐकत होते.

"तालमीत असा एक गडी आला होता. त्याले बांधून नाही ठेवला. मातीच्या भीतीले दोन्ही तळवे लाव म्हनलं, कोपरं वाकवू नको. छाती भीतीकडं जाऊ दे, मंग भीत अशी ढकल का पाठ मांगं गेली पाह्यजे. रोज वीस डाव. कळ आली त थांबायचं. फरा बसत आला का जातं धरायचं, खुंटा आपल्यापासून दूर ढकलायचा."

कुंपणापलीकडून शेजारी हसला, "बुवा, बैल भीत ढकलंल काय?"

"ढकलंल," सासरे म्हणाले. "समजदार हाय."

दुसऱ्याच दिवशी मी पट्टी सोडली. गोठ्याची मागची भिंत धरली. पहिल्या दिवशी पाच डावांत घाम फुटला. सासऱ्यांनी घरात बजावलं, "सकाळी गोठ्यात कोनी जाऊ नका, बैल बुजते." बैल कुठला बुजतो! एवढा मोठा बाप्या माझ्यासाठी राखण करत बाहेर विडी ओढत बसायचा.

महिना झाला तरी हात तिथंच. एक दिवस मी भिंतीवर डोकं टेकून रडले. मेल्या म्हाताऱ्यानं बैलाचा इलाज माझ्या माथी मारला, असंही पुटपुटले. बाहेरून आवाज आला, "काऊन बे, पेरल्याबरोबर कनीस मागतं काय?" त्यांनी माझं पुटपुटणं ऐकलं होतं. मी लाजेनं अर्धी झाले आणि पुन्हा तळवे लावले.

दिवाळीनंतर हात कानापर्यंत गेला. मार्गशीर्षात मी जात्याला बसले, पण डोक्यावर घागर घेतलेली घरात अजून कोणी पाहिली नव्हती.

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी माझे वडील बैलांची दमणी घेऊन आलेच. ठरल्याप्रमाणे सासूबाईंनी माझं गाठोडं ओसरीवर ठेवलं होतं. मी उठले. घागर घेतली, विहिरीवर गेले, भरली, दोन्ही हातांनी उचलून डोक्यावर ठेवली आणि सगळ्यांसमोरून अंगणातून आले. सासूबाई बघत राहिल्या. मग त्यांनी गाठोडं उचलून आत नेलं. सासरे वडिलांच्या बैलांना म्हणाले, "सुटा रे बाबांनो. आज कोनी कुठं जाऊन नाही राह्यलं."

पुढच्या पोळ्याला, खांदशेकणीच्या संध्याकाळी, तुपाची वाटी घेऊन मी स्वतः अंगणात उतरले. पदर पुढं ओढला, पांढऱ्या बैलाच्या फऱ्यावर हात ठेवला. सासरे चार पावलांवर उभे होते.

"तुमच्यापायी मी या घरात राह्यली," मी बैलाला म्हणाले. "जलमभर नाही इसरनार."

सासऱ्यांनी शेल्यानं डोळे पुसले. बैलाकडं त्यांनी पाहिलंच नाही.

"ऐकू आलं, पोरी," ते मला म्हणाले.