सोळा पानांची मावशी

इस्पितळाच्या धुलाईघरात तिला सगळे मावशी म्हणत. मुकादमही म्हणे, आणि तो तर तिच्याहून चार वर्षांनी मोठा! एकतीस वर्षं तिनं तिथं चादरी धुतल्या, आणि तेवढ्या काळात तिनं जितकी पुस्तकं वाचली तितकी वरच्या मजल्यावरच्या डॉक्टरांनीही वाचली नसतील. खोटं वाटतं? वाटू दे बापडं.

घरी वाचायची सोय नव्हतीच. पुस्तक उघडलं की सासूबाईंना पाठ दुखल्याची आठवण व्हायची, पुढं मुलं झाली तर त्यांची भांडणंही तेव्हाच पेटायची. उरलं धुलाईघर. मोठ्या यंत्रात चादरी कोंबून दार लावलं की पस्तीस मिनिटं ते घरघरत राहायचं. जवळून हलायचं नाही आणि काही करायचंही नाही! मावशीच्या जिवाची नुसती तगमग व्हायची. पण पुस्तक आणायला बंदी होती, आणि एप्रनच्या खिशात ते मावणारही नव्हतं.

वाट काढली ती तिच्या नवऱ्यानं. तो छापखान्यात बाइंडर होता. लग्नानंतरच्या दुसऱ्याच महिन्यात त्यानं तिचं वाचनालयाचं पुस्तक हातात घेतलं, पुठ्ठा सोडवला, दोरा उसवला आणि सोळा-सोळा पानांचे फर्मे पत्त्यांसारखे समोर मांडले. मावशी किंचाळलीच.

"अहो, वाचनालयाचं आहे ते!"

"अगं, शिवून देतो की परत. एक फर्मा खिशात टाक, संपला की दुसरा ने."

झालं! रोज एक फर्मा. दुमडलेले कागद बघून मुकादमाला ती कपड्यांची यादी वाटायची. खिशातला फर्मा ऐन रंगात आलेल्या वाक्यावर संपला तरी मावशी त्या दिवशी पुढचा हातात घेत नसे; उद्यापर्यंत तळमळत बसे आणि त्यातच तिला मजा वाटे. पुस्तक वाचून झालं की रविवारी नवरा ते हिरव्या दोऱ्यानं शिवायचा, खळ लावायचा, पाटाखाली दाबून ठेवायचा. सोमवारी पुस्तक परत. कुणाला पत्ता नाही.

बरोबरच्या बाया विचारत, "मावशी, एवढा वेळ मिळतो कसा गं तुला?"

मावशी मान ताठ करून म्हणे, "मिळतो कसला? मी काढते!" हे ती इतक्यांदा म्हणाली होती की नवीन आलेल्या पोरीसुद्धा तिची नक्कल करायच्या.

आणि मग एके दिवशी वाचनालयाच्या ग्रंथपालबाईंनी तिला बोलावून घेतलं. टेबलावर दोन पुस्तकं उघडी होती. एक खुनाच्या तपासाचं, एक घरगुती कादंबरी. दोन्ही मावशीनं नुकतीच परत केलेली.

"ह्यात बघा," बाई म्हणाल्या. "इन्स्पेक्टर खुन्याचं नाव घेणार, तेवढ्यात पान उलटलं की वहिनी मांडवात रडतायत. आणि ह्या दुसऱ्यात लग्न लागायच्या वेळी इन्स्पेक्टर बेड्या घेऊन हजर! एक निवृत्त मास्तर काल इथं येऊन माझ्यावर ओरडून गेले."

मावशीला हसू येणार होतं, पण तेवढ्यात हिरवा दोरा दिसला. दोन्ही पुस्तकं एकाच रविवारी शिवलेली, आणि त्यांचे शेवटचे फर्मे अदलाबदल झाले होते. तिचे आधीच वाचून झालेले. शिवल्यावर तिनं उघडून कशाला पाहिलं असतं?

"पुस्तक खराब करणाऱ्याचं कार्ड बंद होतं, तुम्हाला ठाऊक आहे," बाई म्हणाल्या. "रविवारी अकराला या. काय ते खरं सांगा. मग मी ठरवीन."

घरी येईपर्यंत मावशीनं डोक्यात राख घालून घेतली होती. कार्ड गेलं तर? यंत्राच्या दाराकडे बघत बसायचं का उरलेली वर्षं? आल्या आल्या तिनं नवऱ्याला फैलावर घेतलं.

"अहो, लक्ष कुठं होतं तुमचं? फर्म्याच्या पहिल्या पानावर खाली आकडा असतो, पुस्तकाचं नाव असतं, तुम्हीच दाखवलंत ना मला?"

हातातली सुई त्यानं टाचणीच्या गादीला खोचली. मावशीनं पाहिलं, तिथं दहा-बारा सुया होत्या आणि सगळ्यांत दोरा आधीच ओवलेला.

"ह्या कुणी ओवल्या?"

"छापखान्यातल्या जोडीदारानं," तो म्हणाला. "वर्ष झालं. बारीक अक्षर अजिबात लागत नाही मला. कागद अंगठ्याखाली चाचपून ओळखत होतो कुठल्या पुस्तकाचा ते. ही दोन्ही एकाच कागदावर छापलेली निघाली."

"आणि मला सांगितलं नाहीत?"

"सांगितलं असतं तर तू शिवू दिलं नसतंस. मग वाचलं कसं असतंस?"

मावशीनं सुयांची ती गादी उचलून हातात घेतली. सहा दिवस हा माणूस छापखान्यात दुसऱ्यांची पुस्तकं शिवायचा. सातवा दिवस हक्काचा, त्या दिवशीही पाठ वाकवून तेच! एकतीस वर्षं. सिनेमा नाही, झोप नाही. आणि तिनं एकदा तरी विचारलं होतं का, अहो, कंटाळलात का? लाज वाटली तिला स्वतःची. इतकी, की रडूही धड येईना.

"उद्या डॉक्टरकडे जायचं," ती एवढंच म्हणाली. "आणि रविवारी माझ्याबरोबर वाचनालयात."

रविवारी दोघं गेली. मावशीनं सगळं सांगून टाकलं. धुलाईघर, खिसा, फर्मे, काही लपवलं नाही. "उसवायला मीच आणून देत होते," ती कार्ड टेबलावर ठेवत म्हणाली. "कार्ड घ्या, पण ही दोन पुस्तकं इथंच नीट करून जातो." मग ती खालचे आकडे मोठ्यानं वाचू लागली आणि नवरा बोटांनी चाचपत शिवू लागला.

ग्रंथपालबाई उठून कपाटांशी गेल्या. एक पुस्तक काढलं, मधोमध उघडून पाहिलं. मग दुसरं, तिसरं. हिरवा दोरा, हिरवा दोरा, हिरवा दोरा. त्याच कपाटातल्या इतर पुस्तकांची पानं गळत होती. ही हिरव्या दोऱ्याची मात्र पक्की होती. परत येऊन त्यांनी टेबलावरचं कार्ड मावशीकडे परत सरकवलं.

"यापुढं शिवून झालं की आधी मला दाखवायचं," त्या म्हणाल्या. मग न राहवून त्यांनी विचारलं, "पण मावशी, खरं सांगा, नोकरी, घर, मुलं सांभाळून एवढं सगळं वाचायला वेळ कुठून काढलात हो?"

मावशीनं सवयीनं मान ताठ केली. उत्तर ओठांवर तयारच होतं. शेजारी नवरा दोऱ्याला गाठ मारत होता, खाली मान घालून.

"मी कुठला काढला," ती म्हणाली. "ह्यांचा घेतला."