धाकट्याची घरमालकीण

अमरावती शहर पूर्ण पाहिलेलं माणूस जगात एकच आहे, आणि ते जर्मनीत राहतं. आम्ही मंडळी इथंच जन्मलो, इथंच शिकलो, राजापेठेत दोन खोल्यांवर आणखी दोन चढवल्या. पण आमची अमरावती म्हणजे घर, कचेरी, भाजीबाजार आणि पाहुणे आले की वडाळी तलाव. शहर नेमकं कुठं संपतं ते एकदा जाऊन बघावं, असं आमच्या घरात कोणाच्या स्वप्नातही आलं नव्हतं. ते आलं माझ्या धाकट्या भावाच्या घरमालकिणीच्या. धाकटा जर्मनीत नोकरीला आहे आणि या बाईंच्या घरात वरच्या मजल्यावर भाड्यानं राहतो. बाईंनी लग्न केलं नाही. त्यांच्या गावात रस्त्यातल्या रुळांवरून ट्राम चालते, ती त्यांनी उभा जन्म चालवली. निवृत्त झाल्यावर, गुडघे कुरकुरायला लागल्यावर, जिथं रूळ नाहीत अशा जागी जायचं म्हणून त्या आमच्याकडे आल्या. तेही मे महिन्यात. मे महिन्यात विदर्भातली माणसं विदर्भाबाहेर पळतात. बाहेरून हौसेनं आत येणारी मी पाहिलेली ही एकटीच.

नागपूरच्या विमानतळावर मी आणि बायको इंग्रजी वाक्यं जुळवत उभे होतो. पांढऱ्या केसांच्या, उंच्यापुऱ्या बाई समोर आल्या, हात जोडून म्हणाल्या, “जयभीम,” आणि मग आभाळाकडं बघून म्हणाल्या, “लय तपून राह्यलं ना बाप्पा.” माझी सगळी जुळवलेली वाक्यं तिथंच विरघळली. झालं होतं असं, की धाकट्याला जर्मन शिकायची होती आणि बाईंनी फीऐवजी त्याची भाषा मागितली होती. रोज संध्याकाळी त्यांच्या स्वयंपाकघरात हा व्यवहार चालायचा. धाकट्यानं घरची होती तीच भाषा दिली. मराठी म्हणून आणखी काही असतं, हे बाईंच्या गावीही नव्हतं. जयभीमही आमच्या घरचा, म्हणून त्यांनी तोही तसाच उचलला, आणि पोस्टमनपासून कलिंगडवाल्यापर्यंत, माणसाची जातपात न बघता, सगळ्यांना वाटला.

माझी बायको पुण्याची, आणि त्यातून शाळेत मराठी शिकवणारी. बाईंना सुधारायचं तिनं पहिल्याच दिवशी मनावर घेतलं. ‘मले’ नाही म्हणायचं, ‘मला’ म्हणायचं. ‘काहून’ नाही, ‘का’. बाई लक्ष देऊन ऐकायच्या, मान डोलवायच्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्या आईला गॅलरीत बोलावून हळूच सांगितलं, “सून चांगली हाय तुयी. पण भाषा जमत नाई तिले. बाहेरदेशची हाय का?”

आई म्हणाली, “हो. पुण्याची हाय.”

तरी बायकोनं हार मानली नव्हती. बाई ‘मी जातो’, ‘मी येतो’ म्हणत. हे मात्र दिरानं नकळत पुरुषासारखं शिकवलंय, बाईमाणसानं ‘मी जाते’ म्हणायचं, असं ती समजावत असतानाच आतून आईचा आवाज आला, की गॅस बंद करजो, मी विहारात जाऊन येतो. त्यानंतर आमच्या घरात व्याकरण हा विषय निघाला नाही.

ट्राम बाईंच्या अंगातून गेली नव्हती. ट्रामची घंटा म्हणे पायानं वाजवायची असते. त्यामुळं माझ्या स्कूटरवर मागं बसल्या की समोर कोणी आडवं आलं रे आलं, बाईंचा उजवा पाय दणादणा पायटीवर आपटायचा. राजापेठेत कोणी ना कोणी कायमच आडवं येत असल्यामुळं आठवड्याभरात ती पायटी वाकली. एकदा चौकातला सिग्नल बंद पडला. शिकवण्या सुटलेल्या, पोरं दुचाक्यांवरून चारी बाजूंनी घुसलेली, हॉर्नचा कल्लोळ. मी ब्रेक लावून वळून पाहतो तो बाई मागे नाहीतच. त्या चौकाच्या मधोमध. उन्हासाठी कॉलेजच्या मुलींसारखा डोक्यातोंडाला दुपट्टा गुंडाळलेला, बाहेर फक्त दोन निळे डोळे, आणि दोन्ही हात आडवे. “ओ भाऊ, तुमी थांबा. आधी हे जाईन.” भाऊ थांबले. हे गेले. आमच्या चौकात एकामागून एक वाहनं जाताना मी त्या दिवशी पाहिली. हवालदार पानठेल्यावरून धावत आला, त्यालाही त्यांनी जयभीम घातला आणि उभं राहायची जागा दाखवली. तो तिथं जाऊन उभा राहिला.

घरात त्यांचं सर्वात प्रेम कूलरवर. आमचा पत्र्याचा जुना कूलर लावला की शेजारचे टीव्हीचा आवाज वाढवतात. बाईंनी त्याच्यासमोरच गादी टाकून घेतली, कारण त्यात त्यांना त्यांची ट्राम चढावर लागलेली ऐकू यायची. एकदा बायकोनं दया येऊन तो बंद केला, तर बाई दचकून उठून बसल्या आणि कोणता स्टॉप आला म्हणून विचारू लागल्या.

मी त्यांच्यासाठी चिखलदऱ्याचा बेत आखला होता, गाडी सांगून ठेवली होती. त्यांनी नाही म्हटलं. पहाड त्यांच्याकडेही आहेत, वाघ बघावा तर तो त्यांना बघायला उत्सुक असेल असं त्यांना वाटत नव्हतं. गाव बघायची त्यांची स्वतःची रीत होती. स्टँडवर जायचं, दिसेल त्या बसमध्ये किंवा ऑटोमध्ये चालकाच्या मागच्या जागी बसायचं आणि गाडी जिथं संपेल तिथं उतरायचं. त्यांचं म्हणणं असं, की मधल्या स्टॉपवर सगळे घाईत असतात. शेवटच्या स्टॉपवर चालकसुद्धा खाली उतरून चहा पितो, तिथंच माणूस बोलतो. पहिल्या दिवशी त्या अशाच एकट्या निघाल्या आणि उन्हं उतरताना परत आल्या त्या ट्रॅक्टरच्या चाकावरच्या पत्र्यावर बसून, मांडीवर टोपलीभर कैऱ्या घेऊन. कुठं गेल्या होत्या ते त्यांना सांगता येईना, आणि ट्रॅक्टरवाला सांगायच्या मनःस्थितीत नव्हता. वाटेत बाईंनी त्याला गिअर कसा टाकायचा ते शिकवलं होतं.

त्या संध्याकाळी आई म्हणाली, उद्यापासून मी जातो हिच्यासंगं. बाबा गेल्यापासून आईनं विहार सोडला तर फाटकाबाहेर पाऊल टाकलं नव्हतं. नातेवाईकांची लग्नं, बारशी, सगळं बंद. आणि धाकट्याशी बोलणंही बंद. बाबा गेले तेव्हा धाकटा आला नव्हता. त्याची कागदं तिकडं कुठल्याशा कचेरीत अडकली होती, देश सोडला असता तर परत जाता आलं नसतं. हे मी आईला पुन्हा पुन्हा सांगून पाहिलं. तिचं एकच उत्तर, की बापापेक्षा कागद मोठा असेल तर राहू दे त्याला कागदापाशी. त्याचा फोन आला की ती भांडी घासायला उठायची, घासलेली असली तरी. त्याची घरमालकीण येणार म्हटल्यावर ती नाही म्हणाली नव्हती, एवढंच. आता मात्र ती म्हणत होती, “परक्या घरची बाई. काई कमीजास्त झालं तं आपलं पोरगं काय म्हनंन?” बोलून गेल्यावर तिच्या लक्षात आलं आणि ती आत निघून गेली.

तेव्हापासून दोघी मिळून शहर पालथं घालू लागल्या. नांदगाव पेठेच्या कारखान्यांच्या फाटकासमोर दुपारभर बसून पाळी सुटताना बघितली; कापडाच्या गिरणीतून बाहेर पडणाऱ्या बायकांना बाईंनी पगार, पाळी आणि पाठदुखी या विषयांवर इतकं विचारलं, की त्या कोणत्या युनियनच्या म्हणून वॉचमन चौकशीला आला. चांदूर बाजारला बैलांच्या गळ्यातल्या घाट्या विकणाऱ्याच्या दुकानात त्यांनी एकेक घाटी वाजवून पाहिली आणि सगळ्या बेसूर आहेत असा निकाल दिला. दुकानदार म्हणाला, बैलाची तक्रार नाही. घरी येऊन आई हे सगळं सांगायची, आधी तुटक तुटक, मग हात हलवून. संत्र्याच्या बागा संपून काळ्या मातीची उघडी वावरं कुठं सुरू होतात, शेवटची बस कुठं वळते, कुठल्या फाट्यावरची कचोरी ताजी असते, हे मी माझ्या गावाबद्दल आईकडून ऐकत होतो.

मग अकोल्याचा दिवस उजाडला. म्हणजे अकोला ठरलं नव्हतं, काहीच ठरलेलं नसायचं. दोघी सकाळी बाहेर पडल्या. रस्त्यावर एक बस उभी होती, पुढं फुलांच्या माळा. बाईंनी चालकाला शेवटचा स्टॉप विचारला, तो अकोला म्हणाला, आणि दोघी चालकाच्या मागं जाऊन बसल्या. ती लग्नाची बस होती. नवरदेवाकडच्यांना वाटलं, या नवरीकडच्या कोणीतरी, मुद्दाम न्यायला आलेल्या. आणि अकोल्यात उतरल्यावर नवरीकडच्यांना वाटलं, वऱ्हाडासोबत परदेशातून पाहुणी आली आहे. आई म्हणते तिला बस सुरू झाल्यावर समजलं होतं, पण तोवर दोघींच्या हातात चिवड्याच्या पुड्या आल्या होत्या, आणि खाल्ल्यावर उतरणं बरं दिसलं नसतं.

दुपार उलटली तरी दोघी नाहीत, आईचा फोन घरीच, बाई फोन उचलत नाहीत. घाबरून बायकोनं धाकट्याला जर्मनीत कळवलं, आणि मी स्टँडवर विचारत फिरलो. पानठेल्यावरच्या एकानं सांगितलं, की गोरी बाई वरातीच्या बसनं अकोल्याला गेली. मित्राची गाडी घेऊन सुटलो. अकोल्यात त्या दिवशी लग्नं काय कमी होती? दोन मांडवांतून नकार घेऊन तिसऱ्यात शिरलो. अकोल्याचं ऊन असं, की मांडवाचं कापडही सावलीत जायला बघत होतं. त्या उन्हात बँडपुढं बाई नाचत होत्या. उजवा पाय घंटेचा, त्यामुळं ठेका अचूक. भोवती नवरदेवाचे काका, मामा, सगळे दमून बाजूला झालेले. कोणीतरी त्यांना फेटा बांधला होता. मुलीचे वडील, जाडजूड शेतकरी गृहस्थ, मला कोपऱ्यात घेऊन विचारू लागले, की या नेमक्या कोणाकडच्या? मी खरं ते सांगितलं आणि माफी मागितली. त्यांनी वाढप्याला हाक मारून आणखी एक ताट मागवलं. मग म्हणाले, त्यांनी आल्याआल्या मला जयभीम केला, मीही केला. आता पाहुण्या आमच्याच. तुम्ही पण जेवून घ्या.

आई पहिल्या रांगेत खुर्चीवर बसली होती, बाईंची पिशवी मांडीवर घेऊन. तेवढ्यात पिशवीत फोन वाजला. आईनं तो काढला, पडद्यावर नाव पाहिलं. ते धाकट्याचं होतं. मी ताट घेऊन चार हातांवर उभा. फोन वाजत राहिला, बंद झाला, पुन्हा वाजू लागला. मला वाटलं, आता ही तो माझ्याकडं देईल. तिनं तो कानाला लावला.

“तुयी बाई नाचून राह्यली. ते आता येत नाई फोनवर,” ती म्हणाली. पलीकडं बहुधा काहीच ऐकू येत नसावं. बँड थांबेपर्यंत ती तशीच फोन कानाला धरून बसली. मग म्हणाली, “बोल. मी हाय.”

तो काय बोलला ते मला माहीत नाही. मी ताट घेऊन लांब गेलो.

बाईंना निरोप द्यायला आई आमच्यासोबत नागपूरपर्यंत आली. बाईंनी विमानतळाच्या फाटकावरच्या जवानाला जयभीम केला आणि आत गेल्या. परतताना आई गाडीत पुढं बसली, आणि बरंच अंतर गेल्यावर तिनं मला ते सांगितलं, जे त्या लग्नाच्या बसमध्ये, स्पीकरवरच्या गाण्यांच्या गोंगाटात, बाईंनी तिला सांगितलं होतं. बाबा गेल्याचं कळलं त्या दिवशी धाकटा बॅग भरून, कोट घालून, बूट चढवून खाली त्यांच्या स्वयंपाकघरात येऊन बसला होता. जाता येणार नाही हे त्याला कळलेलं होतं. तरी तो तसाच बसून राहिला. पाणीही घेतलं नाही. शेवटी बाईंनी त्याच्यासमोर जमिनीवर बसून, दुखऱ्या गुडघ्यांनी, त्याच्या बुटांच्या नाड्या सोडल्या.

“हे तिनं फोनवर काहून नाई सांगतलं?” मी विचारलं. अशा वेळी मीही घरच्याच भाषेत बोलतो.

“मी कुठी फोन घेत होतो,” आई म्हणाली.

पुढं कोंढाळीजवळ चहाला थांबलो तेव्हा तिनं विचारलं, ही पुन्हा येईल का? मी म्हटलं, अवघड आहे, गुडघ्यांचं ऑपरेशन आहे म्हणत होत्या. आईनं कप खाली ठेवला.

“मंग आपल्याले जा लागंन.”

जाणं अजून झालेलं नाही. धाकटा दिवाळीला येऊन गेला. आईचा पासपोर्ट झाला. पण कधी तिचं बीपी, कधी तिकडचा बर्फ. संध्याकाळी बायको मोबाईल स्वयंपाकघराच्या ओट्यावर डब्याला टेकवून उभा करते. इकडं आई लसूण सोलते, तिकडं बाई बटाटे. कधीकधी कितीतरी वेळ दोघी एक शब्द बोलत नाहीत, आणि रेंज गेली तरी आईला लगेच कळत नाही.