शाहिद म्हणतो

किस्से काय गप्पिष्ट माणसांकडंच साठतात असं नाही. दिवसभर ज्याला बोलायला कुणी मिळत नाही, त्याच्याकडं तर लईच साठतात! आता बसलाच आहात, तर ऐका.

मी बेंबळीत बसून कॉम्प्युटरवर हदीस तपासते. हदीस म्हणजे पैगंबरांची वचनं, आठवणी. अमक्यानं तमक्याकडून ऐकलं, अशी प्रत्येक हदीसला सांगणाऱ्यांची साखळी असते. त्यातले दोघे एका काळात होते का, भेटले असतील का, शब्द कुठं बदलले, हे प्रोग्रॅम दाखवतो. निकाल जाणकार देतात. अरबी नावं बघायला काझीसर, उर्दू शाळेतले रिटायर्ड मास्तर. त्यांच्याच घरच्या बैठकीत आमचं ऑफिस. बाकी टीम परदेशात, स्क्रीनवर.

*

चुलते म्हणाले, "गावातल्या बातम्यांना लावून बघ की तुझी मशीन!"

"काका, तिला सांगणाऱ्याचं नाव लागतं."

"मग ऱ्हाऊ दे! हितं समदेच म्हणत्यात, 'लोक म्हणत्यात'!"

*

आईनं विचारलं, "हापिसात कोण कोण असतं गं?"

"मी आणि काझीसर. बाकीचे हजार-बाराशे वर्षांपूर्वी वारले."

दुसऱ्या दिवसापासून डब्यात सरांचीही भाकरी यायला लागली.

*

एकाच नावाची दोन माणसं प्रोग्रॅमनं एक धरली. गडी दीडशे वर्षं जगला!

मी कपाळाला हात लावला. सर म्हणाले, "कमाल आहे बेटा! मला तर एकट्याला सत्तरीतच कंटाळा आला."

मी हसले. सर हसले नाहीत.

*

सरांचा मुलगा शाहिद पुण्यात असतो. सरांच्या बोलण्यात सारखा तोच. "शाहिद म्हणतो, अब्बा चहा कमी प्या." "शाहिद म्हणतो, थंडीत स्वेटर घाला." मला वाटायचं, किती काळजी करतो!

परवा शाहिद अचानक आला. सरांनी तिसऱ्यांदा चहा टाकला, तशी मी म्हणाले, "बघा शाहिदभाई, तुम्ही एवढं फोनवर सांगता, सर ऐकतात का!"

"मी?" तो गोंधळला. "मी तर ईदपासून फोनच..."

सर बशीत चहा ओतत होते. तो बशीतून खाली सांडला, तरी ओतत राहिले.

शाहिदनं त्यांच्या हातातला कप काढून घेतला.

"हां अब्बा," तो म्हणाला. "म्हणालो होतो मी. स्वेटर कुठाय?"