टेबलावरचे चौदा मोबाईल

गोंदियात पोरांना मानसशास्त्र शिकवलं की किस्से शोधत फिरावं लागत नाही. तेच रोज हजेरी लावतात. हे सगळे एकाच दिवसाचे, साध्या बटनांच्या मोबाईलच्या काळातले. मोबाईल हाताशी नसला की माणसाचं काय होतं, याचं प्रॅक्टिकल होतं. एम.ए.च्या चौदा जणांनी सकाळी दहाला मोबाईल माझ्या टेबलावर ठेवले. तीनपर्यंत कोणी हात लावायचा नाही, मीसुद्धा नाही.

*

दवनीवाड्याचा खेमराज दर पाच मिनिटांनी खिसा चाचपायचा.

"वाजला ना सर."

"अरे, तुझा मोबाईल इथे माझ्यासमोर आहे."

"तरी वाजला."

मी ते वहीत लिहून घेतलं.

*

बिसेन मात्र एकदम शांत. "मले सवयच नाही सर," म्हणाला. मी त्याचं कौतुक करत होतो, तेवढ्यात त्याचा मोजा वाजला.

"मग टेबलावरचा कोणाचा?"

"तो घरचा हाये सर. माह्यावाला हा."

*

विभागप्रमुख मॅडम दारात आल्या, "छान प्रयोग" म्हणाल्या आणि मेसेज टाइप करतच गेल्या. ते मी वहीत लिहिलं नाही. नोकरी करायची होती.

*

देवरीकडची ममता मोबाईल द्यायलाच तयार नव्हती. मागच्या वर्षी ती होस्टेलवर चक्कर येऊन पडली होती, दोन दिवस शुद्धीवर नव्हती. तेव्हापासून तिची आई रोज अकराला रेंज येते त्या बांधावर जाऊन फोन लावायची.

"उचलू नका सर, फक्त कापा. कापला का आईले समजते, पोरगी बरी आहे."

मी "हो हो" म्हणालो.

अकराला फोन वाजला. कापला तर प्रयोग बिघडेल, असं माझ्या डोक्यात आलं. मी हात लावला नाही. सात वेळा वाजला. मी वहीत लिहिलं, 'पालकांमध्येही अवलंबित्व दिसते.' ममता पलीकडच्या खोलीत प्रश्नावली भरत होती.

दोनच्या सुमारास एक बाई धापा टाकत वर्गात शिरली. पायाला शेतातला चिखल तसाच होता. आपल्या भावाला घेऊन देवरीहून मिळेल त्या बसने आली होती.

"माही पोरगी कुठं हाये?"

ममता धावत आली. आईने तिचं कपाळ बघितलं, हात दाबून बघितले आणि मग खाली बसून रडली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी पाणी दिलं, माफी मागितली, नियम काय होता ते सांगायला लागलो.

तिने पदराने तोंड पुसलं आणि टेबलाकडे बघितलं.

"एक फोन कापाले किती टाइम लागते, सर?"