आशील बोर्दनावचं एक वाक्य

दक्षिण फ्रान्समधल्या ओर्तेझ गावात कुलपं दुरुस्त करणारे पुष्कळ होऊन गेले, पण त्यांतला सिनेमात बोललेला एकच, आशील बोर्दनाव. तरुणपणी पॅरिसात पोटासाठी वणवण करताना एका रहस्यपटात त्याला हवालदाराची वर्दी चढवून दारात उभं केलं होतं. वाक्य एवढंच: "साहेब, दार आतून बंद आहे, आणि खोलीत कुणीच नाही." तेवढ्या भांडवलावर गड्याने पंचवीस वर्षं टेंभा मिरवला.

गंमत म्हणजे सिनेमा त्याने स्वतः पाहिलाच नव्हता. तो लागला तेव्हा आशील फौजेत, अल्जीरियात होता, आणि गावात तो कधी आलाच नाही. पण लाबोर्दच्या कॅफेत तो रंगवून सांगायचा, की ते धुकं म्हणजे ओल्या पेंढ्याचा धूर, पाऊस म्हणजे बंबाचं पाणी, अख्खी गल्ली फळ्यांची, आणि इन्स्पेक्टर आधी जिन्याखाली राहणाऱ्या राखणदार बाईकडे सूप पिणार, मग संशय घेणार. हे सांगताना त्याचा चेहरा खरंच उजळायचा. बायको नोएमी तर त्या वाक्यावरच भाळली होती. घरात भांडण झालं की तो दारात ताठ उभा राहून ते म्हणायचा, आणि तिला हसू फुटायचं. त्यांचा संसार अशाच हसण्यांवर निभावला होता.

औषधांच्या दुकानातल्या मादाम सारतूंना जुन्या रहस्यपटांचं वेड. चर्चच्या हॉलमध्ये त्या ते दाखवायच्या. कुठून कुठून शोधून त्यांनी नेमका हाच आणला आणि आशीलला पहिल्या रांगेत बसवलं. निम्मं गाव लोटलं होतं.

धुकं आलं, ओली फरसबंदी आली, सूपही आलं. लोक खूश होते. मग दार उघडलं आणि दारात आशील, कोवळा, देखणा. नोएमीने त्याचा दंड घट्ट धरला. पडद्यावरचं तोंड उघडलं आणि त्यातून भलताच आवाज निघाला! गुळगुळीत, घशातल्या घशात 'र' घोळवणारा, पक्का पॅरिसचा. आशीलचा 'र' तर सगळ्या गावासारखाच, दगडावर गाडं जावं तसा.

"अरे, आशीलच्या पोटात कोण बसलंय रे?" मागून कुणीतरी ओरडलं. हॉल खदखदून हसला. खून कुणी केला ते कुणी पाहिलंच नाही.

"आपल्याकडचे उच्चार तेव्हा चालत नसत हो," मादाम सारतू नंतर मायेने म्हणाल्या. "घरगड्याच्या नाहीतर विदूषकाच्या तोंडी तेवढे चालायचे. तुमचा चेहरा चांगला होता म्हणून ठेवला, आवाज मात्र दुसऱ्याचा घातला." त्या मायेनेच त्याला जास्त सोललं.

दुसऱ्या दिवशी लाबोर्द काउंटरमागून गरजला, "या, या, पॅरिसकर! वाइन कुठल्या आवाजात मागणार आज?"

"तोंड माझंच होतं ना?" आशील म्हणाला.

"तोंड तुझंच, बाबा. पण बोलला तो दुसराच. तू नुसता आ वासलास!"

सगळे टेबलं बडवून हसले. आशील वाइन न पिताच घरी आला.

शनिवारी सिनेमा पुन्हा होता. नोएमी आपला ठेवणीतला निळा कोट घालू लागली.

"पुन्हा चाललीस?"

"हो."

"मी येतो."

"नको. तू शेजारी असलास की लोक हसतात. मला नीट ऐकू येत नाही."

ती परत आली तेव्हा तो स्वयंपाकघरात वाट पाहत बसला होता. तिने कोट खुंटीला लावला, सूप गरम करायला ठेवलं.

"नीट पाहिलंस या वेळी?" त्याने विचारलं.

"पाहिलं नाही. डोळे मिटून ऐकलं." ती रागात नव्हती, हेच वाईट होतं. "काय सुरेख बोलतो रे तो माणूस. इतकी वर्षं मला वाटायचं, मनावर घेतलंस तर तुलाही तसं बोलता येत असेल." मग तिने सूपचा वाडगा पुढे सरकवला. "जेवून घे."

ज्याचं नावसुद्धा ठाऊक नाही अशा माणसाचा आशीलला जळजळीत मत्सर वाटला. त्याने सूप संपवलं. त्या दिवसापासून तो घरात बोलेनासा झाला. नोएमीने कारण विचारलं नाही.