आधी वय विचारा

"वय काय ह्याचं?"

कुठल्याही यंत्राला हात लावण्याआधी मामा चपला काढायचे, गुडघ्यांवर हात ठेवून वाकायचे आणि हा प्रश्न विचारायचे. मग तो पंखा असो, प्रिंटर असो, नाहीतर मालकांची गाडी. एकदा भर मे महिन्यात, सोलापूरचं डांबर चपलेला चिकटून घरापर्यंत पोचवायला येतं तशा उन्हात, त्यांनी सरबतवाल्याला बर्फाचं वय विचारलं. त्यानं गाडा उचलून थेट दुसऱ्या चौकात नेला. मी वाढवून सांगतोय असं तुम्ही म्हणाल. वाढवतोच आहे, पण गाडा हलला होता हे खरं.

मी चादरीच्या कारखान्यात पॅकिंगला. मामा म्हणजे तिथलं अख्खं कॉम्प्युटर खातं. खात्यात ते एकटेच. माढ्याकडचे, शेतकऱ्याच्या घरातले, रोज एसटीनं ये-जा. डब्यात कडक भाकरी आणि शेंगाचटणी. टेबलाचा एक पाय डुगडुगत होता, तर मामांनी त्याखाली चतकोर सरकवली. टेबलाला आता वाळवी लागली आहे, भाकरी शाबूत आहे.

कारखान्याचं काळीज मात्र डिझाइनच्या खोलीत होतं. तिथं अक्का बसायच्या. विणकराच्या तेलुगू घरातल्या. चादरीवरचा प्रत्येक मोर आधी त्यांच्या बोटांतून कॉम्प्युटरमध्ये उतरायचा, मग मागावर. तो कॉम्प्युटर इतका जुना की कापसाच्या तुसानं त्याला मिशा फुटल्या होत्या. चालू केला की थेट डिझाइनचं सॉफ्टवेअरच उघडायचं. त्याच्या पाठीमागं काय आहे, कोणी बघायला गेलं नव्हतं. "चालत्या मागाला आन चालत्या मशीनला बोट लावायचं न्हाय," हा मामांचा कायदा.

एका सोमवारी त्या कॉम्प्युटरनं मान टाकली. आतली डिस्कच गेली.

मालकांचा पुतण्या पुण्याहून शिकून आलेला. तो म्हणाला, "शुक्रवारपर्यंत हे सॉफ्टवेअर नव्या मशीनवर चाललं तर ठीक. नाहीतर डिझाइन बाहेरून तयार घेऊ, ही खोली बंद करू."

खोली बंद म्हणजे अक्का घरी, हे त्यानं सांगितलं नाही. अक्कांनी चष्मा काढून पुसला. तो आधीच स्वच्छ होता.

सॉफ्टवेअरची आणि डिझाइनची सीडी अक्कांच्या बिस्किटाच्या डब्यात जपलेली होती. नवा कॉम्प्युटर आला. पण एवढं म्हातारं सॉफ्टवेअर त्यावर नुसतं चढवून भागणार नव्हतं. मामांनी आम्हाला समजावलं, "मशीनच्या पोटात एक खोटं मशीन करायचं. व्हर्च्युअल म्हणत्यात. बंगल्यातल्या एका खोलीत शेणानं सारवायचं, चूल मांडायची. म्हातारीला वाटतं, आपन गावीच हाय. पर माती तिच्याच गावची पायजे. म्हंजे आतली सिस्टीम कुटल्या सालची, ते बरोबर जमाया पायजे."

"त्यात काय मामा, लेटेस्ट टाका," पुतण्या म्हणाला.

मालकांचा पुतण्या म्हटल्यावर मामांनी लेटेस्ट टाकली. सॉफ्टवेअरनं तोंडसुद्धा दाखवलं नाही. त्याआधीची टाकली, तीच गत. तिच्याही आधीची टाकली, तर उंबऱ्यावरून डोकावून परत गेलं. बुधवार संपला.

"आता मला वय विचारू द्या," म्हणत मामांनी सीडी उन्हात धरली. वर विकणाऱ्यानं चिकटवलेली, साल छापलेली चिठ्ठी होती. तिच्यावरून हिशेब लावून त्यांनी त्या सालातली विंडोज, एक्सपी, टाकली. गुरुवारी पडद्यावर एक्सपीची ती हिरवी टेकडी आली, सॉफ्टवेअर उघडलं, मोरही आला. पण मुंडक्याशिवाय. आणि लगेच सगळं बंद.

"चिठ्ठी लबाड हाय," मामा खाली बसले. "जुनाच माल, वर नवं कागूद. अक्का, जुन्या मशीनवर ही टेकडी हुती का वो?"

"अय्यो, टेकडी कुठली? सकाळी लावताना, लाईट जाऊन आली की, पापणी लवेपर्यंत दिसायचं की. नुसता रंग. मोरपंखी."

सकाळी मशीन लागायचं तेव्हा मामा एसटीत असायचे, आणि लाईट गेली की जनरेटरकडं पळायचे. त्यामुळं तो रंग त्यांनी जन्मात पाहिला नव्हता.

"मोरपंखी म्हंजे नेमका कसला?"

अक्का उठल्या. सुताच्या रंगांच्या नमुन्यांचा पुठ्ठा काढला. शंभर तरी रंग असतील. मी म्हणतो हजार. त्यांनी डोळे मिटले, उघडले आणि एका लडीवर बोट ठेवलं. "हा. मोरपंखीपेक्षा निळा जरासा कमी."

मामांनी ती लड बघितली आणि असे ओरडले, की दोन माग आपोआप थांबले. "अठ्ठ्याण्णव! अठ्ठ्याण्णवची सिस्टीम हाय ही! तिचा पडदा ह्याच रंगाचा असतो! आन आमी म्हातारीला नातवाची पँट घालत बसलो!"

शुक्रवारी त्यांनी अठ्ठ्याण्णव टाकली. पुतण्या मेमरी सढळ हातानं देत होता, तर त्याचा हात धरला. "लई वाढू नका. जुन्या पोटाला सोसत न्हाय." मग पडदा उजळला. अक्कांनी सुताची लड काचेला लावली. कुठं लड संपते आणि कुठं पडदा सुरू होतो, कळेना. मोर आला. मुंडक्यासकट, तुऱ्यासकट.

"पण मामा, एवढी जुनी सिस्टीम सेफ नसते," पुतण्या म्हणाला.

"व्हय की. म्हनून तर हिला नेटचं वारं लागू द्यायचं न्हाय."

पोरगा वाईट नव्हता. त्यानं वही काढली आणि सगळं लिहून घेतलं.

गेल्या दिवाळीत मामा निवृत्त झाले. अक्कांनी त्यांना एक चादर दिली. उभ्या आयुष्यात मोर-कमळं काढणाऱ्या बाईची ती एकमेव साधी चादर. एक फूल नाही, नुसता तो रंग. मामांनी चपला काढल्या, वाकले. "वय काय हिचं?"

"आजच मागावरून उतरली की."

मामांनी घडी घातली, चुकली. परत घातली, परत चुकली. मी पॅकिंगचा माणूस; शेवटी मी घातली.

खोली चालू आहे. रोज सकाळी साडेनवाला अक्का कॉम्प्युटर लावतात, पापणी लवेपर्यंत तो रंग चमकतो आणि अक्का हळूच म्हणतात, "या मामा." मीही पॅकिंग सोडून तेवढ्यासाठी दारात उभा राहतो.

परवा माढ्याहून फोन आला. "आरं, रोज साडेनवाला मला उचकी लागतीया. काय चाललंय तितं?"

मी विचारलं, "वय काय उचकीचं?"

पलीकडून बराच वेळ नुसतं हसणं ऐकू आलं. आणि मग एक उचकी.