वाढत्या अंगाची होडी

टेलरकाकूंनी उभ्या जन्मात ट्रायल घेतल्याशिवाय कोट कुणाच्या हाती दिला नाही. गिऱ्हाईक घाईत असो, नवरदेव असो, नाहीतर त्यांचा सख्खा भाऊ असो. घाला. हात वर करा. वाका. बसा. आणि शेवटी, चार पावलं चालून दाखवा. एवढ्यात कुठे शिवण कुरकुरली की कोट परत मशीनवर.

हे सगळं खुणांनी चाले, कारण काकूंच्या तोंडात टाचण्या. बोलायचं ते गिऱ्हाइकांनी. साहेबाचा खडूसपणा, जावेचा नखरा, कपड्यामुळेच पोट कसं सुटल्यासारखं दिसतं, सगळं काकूंनी ओठ मिटून ऐकलं.

दुकान कायमचं बंद केल्यावर माणसं गुडघे कुरवाळत बसतात. काकू तळ्याकाठच्या क्लबात जाऊन शिडाची होडी चालवायला शिकल्या. का, तर म्हणे, "पाण्याच्या मध्यावर कुणी बोलत नाही." शिकून झाल्यावर त्यांनी जेवताना जाहीर केलं, की आता स्वतःची होडी घ्यायची, आणि तिच्यात आपण एकट्यानेच बसायचं.

यजमानांचा घास हातात राहिला. ते निवृत्त मीटर तपासनीस. पाण्याशी त्यांचा संबंध दाढीपुरता. "अगं, एकटी कशाला? मी येतो की सोबत."

"अहो, तुम्हाला झोपाळ्यावर चक्कर येते."

मुलगा दातांचा डॉक्टर. समोरच्याने तोंड उघडावं पण बोलू नये, ही दवाखान्यातली सवय त्याने घरीही आणलेली. "आई, होडी उलटली तर?"

"उलटली तर सरळ करीन."

"आणि नाही जमलं तर?"

"तर होडीत तुम्हा सगळ्यांच्या मधोमध मांडीवर खाण्याचे डबे घेऊन बसेन. पुन्हा एकटी जायचं नाव काढणार नाही. पण जमलं, तर तुम्ही अडवायचं नाव काढायचं नाही." मग भात कालवत म्हणाल्या, "ट्रायल घेऊ."

रविवारी सगळे धक्क्यावर हजर. मुलाने होडी आधीच पसंत करून ठेवली होती. पांढरीशुभ्र, चौघांची, वर उंच शीड, बसायला गाद्या. होडीवाला कौतुकाने म्हणाला, "काकू, हिच्यात अख्खं कुटुंब मावतं बघा."

काकूंनी होडीला एक चक्कर मारली. "वाढत्या अंगाची बघितलीस होय रे? पण साठीनंतर मी वाढणार कुठे?"

"आई, मोठी होडी उलटत नाही सहसा."

"बघू या." काकूंनी लाइफजॅकेटचे पट्टे आवळले. "काय हो, हिला उलटवली तर चालेल ना?"

होडीवाल्याला ठसका लागला. "अहो काकू, घ्यायच्या आधी कुणी उलटवतं का?"

"मग काय घेतल्यावर उलटवायची?"

धक्क्यापासून थोड्या दूर जाऊन काकू डोलकाठीला लोंबकळल्या आणि होडी धाडकन आडवी केली. सूनबाईंनी डोळे झाकले. आडव्या होडीच्या पोटाखालून एक फळी बाहेर येते. तिच्यावर उभं राहायचं, काठ धरून मागे रेलायचं, म्हणजे आपल्या वजनाने होडी उठते. काकू उभ्या राहिल्या. रेलल्या. लोंबल्या. होडी जेवून लवंडलेल्या पाहुण्यासारखी ढिम्म. शेवटी क्लबच्या मोटरबोटीतून जाऊन काकू आणि होडी दोघींनाही आणावं लागलं.

"झालं समाधान?" मुलगा म्हणाला. "ठरलं ते ठरलं. आता डबे."

काकूंच्या अंगावरून पाण्याच्या धारा लागलेल्या, पण आवाज कोरडा ठणठणीत. "कोट अंगाला बसला नाही तर गिऱ्हाइकाला हाकलतात का रे? दुसरा कोट काढतात. ओ दादा, ती कोपऱ्यातली काढा."

कोपऱ्यात एक पिवळी, रंगाचे पोपडे निघालेली, बुटक्या शिडाची होडी पालथी पडली होती. "ती?" होडीवाल्याने तोंड वाकडं केलं. "तिच्यात एकच माणूस मावतं काकू."

"मग मी इतका वेळ काय मागतेय?"

पिवळी पाण्यात गेली. उलटली. काकू फळीवर चढून रेलल्या. होडीने क्षणभर विचार केला, शीड निथळलं, आणि ती फटकन उभी राहिली. होडीवाल्याने टाळी वाजवली. पण काठावरून आत चढताना काकू अर्ध्यावर लटकल्या, पाय झाडले आणि घसरून पुन्हा पाण्यात. दुसऱ्यांदाही तेच.

"पुरे झालं!" मुलगा मोटरबोटीकडे धावला. बोटीला किल्लीच नव्हती. "किल्ली कुठाय?"

यजमान धक्क्याच्या टोकाशी टॉवेल घेऊन उभे होते. पाण्याकडे बघून चेहरा पांढरा पडलेला, एक हात मात्र खिशात घट्ट. "माझ्याकडे. मघाशीच काढून घेतली. तिने हाक मारली की देतो."

"बाबा!"

"तिने हाक मारलीय का?"

हाक आली, पण वेगळीच. "खबरदार माझ्या होडीला कुणी हात लावाल तर!"

'माझ्या' हा शब्द होडीवाल्याने बरोबर टिपला.

काकू एका हाताने काठ धरून दम खात होत्या. होडी उंचीला जरा जास्त होती, एवढंच. म्हणजे दुरुस्ती आली, आणि दुरुस्तीला त्या कधी घाबरल्या? त्यांनी होडीतल्या दोरीचं मोकळं टोक ओढलं, त्याला फास मारला, तो बाजूने पाण्यात सोडला आणि त्यात पाय घातला. पायरी झाली. एक हिसका, एक "आई गं", आणि काकू आत, पालथ्या, पण आत.

धक्क्यावर जल्लोष झाला. मुलगाही ओरडला, "मानलं आई! जिंकलीस! आता ये परत, टॉवेल घे!"

काकू उठून बसल्या. सुकाणू धरलं, दोरी खेचली. बुटकं शीड फुगलं आणि होडीचं नाक धक्क्याकडे न वळता भलतीकडेच वळलं.

"आई, अगं कुठे?"

"चार पावलं चालून बघते!"

मुलाने आणखी काही सांगायला तोंड उघडलं. यजमानांनी त्याच्या खांद्यावर टॉवेल टाकला, खिशातली किल्ली तशीच ठेवली, आणि होडीवाल्याला म्हणाले, "दुसऱ्या कुणाला दाखवू नका ती. दाखवणार तरी कशी म्हणा, ती गेलीच."